चावी जवळ आहे, हे गाडीला कसं कळतं?

कीलेस, म्हणजे चावी खिशातून न काढता उघडणारी गाडी चोरीला गेली की 'चोरांनी कोड हॅक केला' असं सर्रास म्हटलं जातं. पण रिले पद्धतीच्या चोरीत चोर कोडला हातही लावत नाहीत.

चावी खिशात ठेवून तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी साधारण १२५ किलोहर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्रातून चावीला साद घालते. हे क्षेत्र फार झपाट्याने विरतं: अंतर दुप्पट झालं की ताकद एक अष्टमांश. साद एक-दोन मीटरपलीकडे पोहोचत नाही. ती ऐकून चावी ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्‌झवर सांकेतिक उत्तर देते आणि गाडी धरून चालते की, उत्तर आलं म्हणजे चावी जवळच आहे.

घोळ आहे तो या गृहीतकात. एक चोर गाडीपाशी, दुसरा घराच्या भिंतीलगत. त्यांची यंत्रं गाडीची साद उचलून आतल्या चावीपर्यंत पोहोचवतात. उत्तर खऱ्या चावीचंच येतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांची १० मॉडेल तपासली, दहाही या हल्ल्याला बळी पडली. जाहिरातीतलं 'मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन' इथे कामाचं नाही. निरोप न वाचताच पोहोचवणाऱ्याला कूट फोडावं लागतच नाही.

यावरचा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. सिग्नल किती जोरदार आहे हे पाहायचंच नाही, त्याला यायला वेळ किती लागला ते मोजायचं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून आपण अंतर काढतो, तसंच. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. रिले यंत्र सिग्नलची ताकद वाढवेल, पण त्याला प्रकाशापेक्षा वेगाने नेणार नाही. चावी २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १३३ नॅनोसेकंद लागणारच.

एवढं बारीक मोजायला स्पंदही, म्हणजे रेडिओलहरीचा झटकाही, तेवढाच आखूड हवा. अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओतंत्रात ५०० मेगाहर्ट्‌झचा रुंद वारंवारता-पट्टा वापरला की सुमारे २ नॅनोसेकंदांचे स्पंद मिळतात. पुढची अडचण घड्याळाची: चावीने उत्तराला घेतलेला वेळ फेरीच्या एकूण वेळातून वजा करावा लागतो. चावीने उत्तराला एक मिलिसेकंद घेतला आणि तिचं घड्याळ दहा लाखांत १० भागांनी चुकलं, तर १० नॅनोसेकंदांचा, म्हणजे अंतरात दीड मीटरचा फरक पडतो. म्हणून गाडी आणि चावी दोघीही आपापली फेरी मोजतात आणि ही चूक जवळपास छाटली जाते. चोर स्पंद मुद्दाम लवकर सोडून चावी जवळ असल्याचा भास निर्माण करू पाहील, तर त्यावरही तोड आहे: या तंत्राच्या २०२० च्या आयईईई ८०२.१५.४झेड या मानकात स्पंदांचा क्रमच गाडी आणि चावी यांनाच ठाऊक असलेल्या गुप्त संकेतांकावरून ठरतो. पुढचा स्पंद कोणता हेच माहीत नाही, तर आधी सोडणार काय?

गाडीत ही सोय नसेल तर चावी धातूचं अस्तर असलेल्या, नीट बंद होणाऱ्या पाउचमध्ये ठेवा. काही चाव्या हलल्या नाहीत की आपोआप झोपतात, तेही उपयोगी.

२०२३ मध्ये मात्र वेगळीच पद्धत उघडकीस आली. हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये 'चावी पटली' असा खोटा संदेश घुसवायचा. इथे चावीशी संबंधच येत नाही, त्यामुळे पाउच आणि नॅनोसेकंद दोन्ही निरुपयोगी. अशा वेळी स्टिअरिंगला बाहेरून लावलेलं लोखंडी कुलूप चोराचा वेळ खातं.