परदेशी सौंदर्यप्रसाधनांचा ट्रेडमार्क कोणाच्या नावावर? ठाणे-नवी मुंबईच्या आयातदारांसाठी अर्ज, हरकत आणि कागदपत्रे

माल न्हावा शेवाला उतरतो, भिवंडी किंवा तुर्भ्याच्या गोदामात येतो, आणि इथल्या दुकानांत ब्रँड रुजवायचा खर्च आयातदार करतो. मग परदेशी कंपनी दुसरा वितरक नेमते आणि वाद पेटतो: भारतात हे नाव कोणाचं?

खर्च कोणी केला यावर ते ठरत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १४६ नुसार, एजंट किंवा प्रतिनिधीने परवानगीशिवाय नोंदणीकृत मालकाचं चिन्ह आपल्या नावावर केलं, तर मालक ती नोंदणी रद्द करून घेऊ शकतो किंवा रजिस्टरवर स्वतःचं नाव चढवून घेऊ शकतो. मात्र हा प्रकार कळल्यापासून तीन वर्षांत त्याने हालचाल करायला हवी. ‘आधी आपल्या नावावर करून टाका, पुढचं पुढे बघू’ असा सल्ला कोणी दिला, तर कृपया ऐकू नका.

कंपनीनेही गाफील राहू नये. टोयोटाच्या ‘प्रियस’ कारच्या नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की जगभरचं नाव पुरेसं नाही. समोरच्याने ते नाव इथे वापरायला घेतलं तेव्हा भारतातल्या ग्राहकांना ते माहीत होतं हे दाखवावं लागतं.

अर्ज कोण करू शकतो?

माल परदेशात बनवून घेता पण नाव तुमचं आहे, किंवा कंपनीने चिन्ह लेखी हस्तांतरित केलं आहे, तर अर्ज तुमचा. फॉर्म टीएम-ए, सौंदर्यप्रसाधनांसाठी मालाचा वर्ग ३ (औषधी क्रीम असेल तर वर्ग ५). ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योग म्हणून सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाचं सरकारी नोंदणीपत्र) जोडा. वकील किंवा एजंटमार्फत भरत असाल तर त्याच्या नावे अधिकारपत्र. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या भरता येतो. नोंदणी दहा वर्षांची.

नाव आधीपासून वापरात असेल तर वापराचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. बहुतेक प्रकरणं इथेच ढिली पडतात. पहिल्या कन्साइनमेंटचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद), दुकानदारांना दिलेली तारीखवार बिलं, लेबलचे फोटो, जाहिरातीची बिलं, कंपनीबरोबरचे ईमेल हे सगळं जपून ठेवा. बिलावर नुसतं ‘कॉस्मेटिक्स’ लिहिलेलं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. ब्रँडचं नाव छापलेलं हवं. हरकतीच्या प्रकरणात हिंदी किंवा इंग्रजी सोडून इतर भाषेतल्या कागदाचं प्रमाणित भाषांतर द्यावं लागतं. कोरियन करारालाही हाच नियम आणि ठाण्याच्या वर्तमानपत्रातल्या मराठी जाहिरातीलाही हाच.

एक गैरसमज वारंवार दिसतो. सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचं आयात नोंदणी प्रमाणपत्र (सीओएस-२) आपल्या नावावर आहे म्हणजे ब्रँड आपला, असं आयातदार धरून चालतात. ते फक्त माल आणण्याची परवानगी देतं. मालकीशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्याने अर्ज केला असेल तर

ट्रेडमार्क जर्नलमध्ये (रजिस्ट्रीच्या अधिकृत प्रकाशनात) त्या अर्जाची जाहिरात आल्यापासून चार महिन्यांत टीएम-ओ भरून हरकत घ्या. ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला २,७०० रुपये. ही मुदत वाढत नाही. हरकत तुमच्या अर्जावर आली, तर नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. नोंदणी होऊन गेली असेल तर रद्द करण्याचा अर्ज रजिस्ट्रीकडे किंवा उच्च न्यायालयात करता येतो.

चिन्ह कस्टम्सकडे नोंदवलेलं असेल तर संशयित माल बंदरावर अडवला जातो. मालकाने साधारण दहा कामकाजी दिवसांत कारवाईत भाग घेतला नाही, तर तो सोडतात. आयातदाराने अशा वेळी कंपनीचं अधिकारपत्र लगेच पुढे करावं.

नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा, तो लावणाऱ्याचा धंदा जिथे चालतो तिथेही लावता येतो. त्यासाठी धंद्याचा जिल्हा बघा: वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, पनवेल रायगडात. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

आणि पहिली ऑर्डर देण्याआधी करारात तीन गोष्टी लिहून घ्या: चिन्हाचा मालक कोण, भारतात अर्ज कोण भरणार, आणि वितरण संपल्यावर शिल्लक माल किती महिने विकता येईल.