मोतद्दाराचं गाणं आणि ठाण्याचा किल्ला

कोर्ट नाक्याहून कळव्याच्या पुलाकडे निघालं की मध्यवर्ती कारागृहाचा तट लागतो. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, काम पुरं होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकला. या तटाआड पेशव्यांचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याची सुटका घडली. तिच्यातलं गाणं आज ज्या रूपात वाचायला मिळतं ते इंग्रजी आहे, आणि नायक मात्र अस्सल मराठी.

प्रकरण सुरू झालं पंढरपुरात. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांशी बोलणी करायला आले होते. जुलै १८१५ मध्ये विठोबाचं दर्शन घेऊन परतताना त्यांचा खून झाला. बोट गेलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्याकडे. हा माणूस पेशव्यांच्या पदरी जासूद म्हणून लागला आणि कारभारी होण्यापर्यंत चढला होता. पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट एल्फिन्स्टन, हटून बसला. बाजीरावाने आधी टाळाटाळ केली, मग सप्टेंबरात त्र्यंबकजीला इंग्रजांच्या हवाली केलं. रवानगी झाली ठाण्याच्या किल्ल्यात.

कैदी पळू नये म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले होते. एतद्देशीय शिपाई फितूर होतील ही भीती, म्हणून ही खबरदारी. आणि कथेप्रमाणे घात झाला तो याच खबरदारीने. ग्रँट डफने १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय ते असं: किल्ल्यातल्या एका साहेबाकडे मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, चाकरीला होता. घोडा फिरवायच्या निमित्ताने तो त्र्यंबकजीच्या खिडकीखालून येरझाऱ्या घालायचा आणि सहज गुणगुणावं तसा निरोप गाण्यातून सांगायचा. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी त्र्यंबकजी निसटला.

ग्रँट डफ इथे फार रंगवत नाही, म्हणून त्याच्यावर जास्त विश्वास बसतो. गाण्याचे शब्द तो देत नाही. ते देतो कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर. हेबर १८२४ मध्ये गंगाकाठच्या चुनारला गेला तेव्हा त्र्यंबकजी तिथल्या किल्ल्यात पुन्हा कैदेत होता, आणि दोघांची गाठ पडली. पुढच्या वर्षी तो ठाण्यालाही येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८२८ मध्ये छापलं गेलं. त्यात मोतद्दाराचं गाणं आठ ओळींच्या यमकबद्ध इंग्रजी पद्यात येतं. झुडपामागे तिरंदाज दबा धरून आहेत, घोडा झाडाखाली उभा आहे, माझ्यासोबत रानवाटेने येणारा वीर कुठे मिळेल? पंचावन्न घोडी, माणसं चौपन्न. पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनला पुन्हा बरे दिवस.

वाचायला झकास आहे. हे सगळं स्कॉटलंडच्या सीमेवर घडल्यासारखं वाटतं, असं हेबर स्वतःच म्हणतो. वॉल्टर स्कॉटने सीमाभागातले पोवाडे गोळा करून छापल्याला तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली होती, आणि कैदेतल्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला गाण्यावरून शोधून काढणाऱ्या ब्लोंडेल या गायकाची दंतकथा हेबरच्या वाचकांना लहानपणापासून ठाऊक. तिरंदाजांबद्दल मात्र त्याला दोष देता येत नाही. त्र्यंबकजीने पुढे जमवलेल्या जमावात रामोशी होते तसे भिल्लही होते, आणि भिल्लांच्या हाती तीरकमठाच असायचा. खटकतो तो आकडा. पहाऱ्यातल्या कैद्याला निरोप द्यायचा तर ‘आज रात्री’ किंवा ‘वाट मोकळी आहे’ एवढं पुरतं. बाहेर किती माणसं आणि किती घोडी उभी आहेत हे कोणता शहाणा मोतद्दार तटाखाली मोठ्याने गाईल? गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं, पण किल्ल्यात भिश्ती, हमाल, बाकीचे मोतद्दार असणारच, आणि त्यांना शब्दन्‌शब्द कळत असणार. मला विचाराल तर खिडकीखालचं गाणं खरं, पंचावन्न घोडी हेबरच्या दौतीतली.

मग आपल्याकडे या सुटकेचा गाजावाजा का झाला नाही? आग्र्याची सुटका १६६६ ची, ही बरोबर दीडशे वर्षांनंतरची, आणि मसाला तोडीस तोड. पण आग्र्याहून सुटलेल्या राजाने पुढे राज्य वाढवलं. त्र्यंबकजी सुटला आणि त्याला लपवल्याचा ठपका बाजीरावावर आला. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह लादला गेला, नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली. त्यातच पंढरीच्या वाटेवर झालेला ब्राह्मणाचा खून. असा माणूस शाहिराने डोक्यावर घ्यावा तरी कसा! पेशवाई का बुडाली याची कारणं मोजताना आपण बाजीरावाखालोखाल त्याचं नाव घेत आलो.

हा चष्मा उतरवला तो ना. सं. इनामदारांनी. १९६३ च्या ‘झेप’ या कादंबरीचा नायक त्यांनी त्र्यंबकजीलाच केलं. राज्य हातातून जातंय हे ओळखून इंग्रजांशी झुंजू पाहणारा माणूस मराठी वाचकाला तिथे भेटला. पुढे ‘मंत्रावेगळा’मध्ये त्यांनी खुद्द बाजीरावाची बाजू मांडली. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे खरंच. पण हेबरचं पद्य तरी कुठे इतिहास होतं?

त्र्यंबकजी १८१८ मध्ये नाशिकजवळ अहिरगावला पकडला गेला आणि १८२९ मध्ये चुनारलाच वारला. ठाण्याच्या तुरुंगात पुढे २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे आणि १९ एप्रिल १९१० ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. जयंती-पुण्यतिथीला ठाण्यात नावं निघतात ती यांची. या तटातून जिवंत निसटलेल्या त्र्यंबकजीची गोष्ट काढली तर ‘तो शास्त्र्यांच्या खुनातला ना?’ हा प्रश्न आधी येतो.