हुकअप मिळालं म्हणजे गटार मिळालं असं नव्हे

सासू-सासरे डेन्व्हरला आले होते त्या उन्हाळ्यात आम्ही पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर-संडासासकट चालतं घर, भाड्याने घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेलो. तिसऱ्या रात्रीचं कॅम्पग्राउंड बुक करताना मला 'हुकअप' हा शब्द दिसला आणि मी निर्धास्त झाले. संध्याकाळी सातला पोचलो. जागेवर विजेचा खांब होता, त्याच्या बुडाशी पाण्याचा नळ होता, आणि नवरा टॉर्च घेऊन गवतात तिसरी गोष्ट शोधत होता. ती नव्हतीच.

"अगं, सांडपाणी कुठं सोडायचं?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या खात्यात गेलेली. प्रश्न बरोबर होता, उत्तर माझ्याकडे नव्हतं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, डंप स्टेशन फाटकापाशी आहे, सकाळी जाताना टाक्या तिथे रिकाम्या करा. सांडपाण्याची टाकी भरल्याचा दिवा तोवर लाल झाला होता, म्हणून त्या रात्री ताटं न धुता तशीच रचून ठेवली आणि सकाळी सहा गाड्यांच्या रांगेत उभे राहिलो.

'हुकअप' आणि 'डंप स्टेशन' हे दोन शब्द आपल्या लोकांच्या बोलण्यात सर्रास एकमेकांत मिसळतात. दोन्हीकडे शेवटी जमिनीतलं चार इंची भोकच असतं, त्यामुळे गोंधळ होणारच. पण एक मुक्कामाची सोय आहे आणि दुसरी वाटेतला थांबा. सहलीचा हिशेब या दोघांसाठी वेगवेगळा करावा लागतो.

आधी टाक्या. आरव्हीला त्या तीन असतात. स्वच्छ पाण्याची एक. सिंक आणि शॉवरचं पाणी साठवणारी ग्रे टँक. आणि संडासाची ब्लॅक टँक. शेवटच्या दोन गाडीच्या पोटाशी असतात आणि बाहेर एकाच तोंडाला येऊन मिळतात, प्रत्येकीची ओढायची झडप मात्र स्वतंत्र. भाड्याच्या मध्यम गाडीत यातली एकेक टाकी ढोबळमानाने ३० गॅलनची धरा, म्हणजे सुमारे ११३ लिटर.

हुकअप म्हणजे गाडी उभी करायच्या जागेवरच मिळणारी जोडणी. पण कसली जोडणी, ते बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात असतं. नुसती वीज असू शकते, बहुधा ३० किंवा ५० अँपची. वीज आणि पाणी असू शकतं. आम्हाला मिळालं होतं ते हेच. आणि वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही असेल तर त्याला 'फुल हुकअप' म्हणतात. म्हणजे सगळा जीव त्या 'फुल'मध्ये आहे. तो शब्द लिहिलेला नसेल तर सांडपाण्याची सोय नाही असंच समजायचं, आणि 'स्यूअर' (सांडपाणी) हा शब्द डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

डंप स्टेशनला राहता येत नाही. काँक्रीटचा एक ओटा, मध्ये झाकण असलेलं भोक, बाजूला पाइप धुवायचा नळ, बस. गाडी लावायची, रिकामी करायची, धुवायची, निघायचं. सराईत माणूस दहा-पंधरा मिनिटांत मोकळा होतो. आम्हाला पहिल्यांदा पस्तीस लागली आणि मागच्या ट्रकवाल्याने इंजिन बंद करून वर्तमानपत्र उघडलं. सासरे मात्र ओट्याकडे बघत उभे होते. "बघ, चारी बाजूंनी उतार भोकाकडे दिलाय, आणि कडेला उंचवटा. सांडलं तरी बाहेर जायचं नाही." मी एवढा वेळ त्या ओट्यावर उभी होते, मला उतार दिसला नव्हता.

खर्चाचं बघा. हंगामात यलोस्टोनच्या आसपास खासगी कॅम्पग्राउंडातली फुल हुकअपची रात्र सहज ८० ते १०० डॉलरच्या घरात जाते. डंप स्टेशनचे साधारण १० ते २० डॉलर पडतात, आणि त्याच कॅम्पग्राउंडात मुक्काम असेल तर बहुधा काहीच नाही. त्यामुळे रोज रात्री फुल हुकअप घेणं ही निव्वळ हौस. चार माणसं जपून वागली तर दर एक-दोन दिवसांनी एक डंप पुरतो.

'जपून' हा शब्द इथे ग्रे टँकसाठी आहे. नवखा माणूस ब्लॅक टँकला घाबरतो, पण आधी भरते ती बहुधा ग्रे. शॉवरमधून मिनिटाला दोन गॅलन पाणी जातं असं धरलं तर पाच मिनिटांची अंघोळ म्हणजे दहा गॅलन. तिघांच्या अंघोळी झाल्या की टाकी भरली, चौथ्याने काय करायचं? आमच्याकडे तोडगा सासूबाईंनी काढला. हार्डवेअरच्या दुकानातली पाच गॅलनची बादली, ती पाऊण भरायची, आणि प्लास्टिकचा मग. पंधरा लिटरमध्ये माणूस स्वच्छ. चौघांचे साठ लिटर, म्हणजे जेमतेम अर्धी टाकी. अमेरिकन मंडळी पाणी वाचवायला शॉवर मध्येच बंद करतात, त्याला 'नेव्ही शॉवर' असं भारदस्त नाव आहे. आपण त्याला अंघोळ म्हणतो.

ग्रे टँकचा दुसरा शत्रू म्हणजे आपला स्वयंपाक. फोडणीचं तेल, चहाचा गाळ, डाळीचं पाणी, भाताची शितं हे सगळं सिंकमधून त्या टाकीत उतरतं आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या पोटात आंबतं. चार दिवसांनी ग्रे टँकला जो वास येतो त्यापुढे ब्लॅक टँक सभ्य वाटते, हे मी अनुभवाने सांगते. ताट आधी कागदाने पुसायचं, तो कागद कचऱ्यात, मग धुवायचं. गाळणीतला चोथाही कचऱ्यातच. पण कॅम्पग्राउंडातल्या कचऱ्याच्या पेटीचं झाकण अस्वलाला उघडता येणार नाही असं असतं, आणि पहिल्या दिवशी ते आम्हालाही उघडलं नाही.

ब्लॅक टँकच्या बाबतीत मात्र आपली सवय कामाला येते. या टाकीला पाणी हवं असतं आणि कागद नको असतो. कागद जास्त आणि पाणी कमी झालं की मैला तळाशी घट्ट बसतो, सेन्सरला कागद चिकटतो आणि टाकी रिकामी असूनही दिवा भरल्याचा लागतो. आपण पाणी वापरणारी माणसं, त्यामुळे टाकी थोडी लवकर भरते पण सुटते मात्र झकास.

आता फुल हुकअपचा सापळा. मनात येतं, तीन रात्री इथेच आहोत, पाइप जोडलेलाच आहे, तर दोन्ही झडपा उघड्याच ठेवू, आपोआप वाहून जाईल. ग्रेची उघडी ठेवली तर फारसं बिघडत नाही. ब्लॅकची उघडी ठेवली की पातळ तेवढं निघून जातं आणि घट्ट मागे राहतं, टाकीत ढीग साचतो. आरव्हीवाले त्याला जे इंग्रजी नाव देतात त्यात पिरॅमिड आहे, पुढचं तुम्ही समजून घ्या. तो ढीग वाळला की फोडायला माणूस बोलवावा लागतो आणि भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट हातचं जातं. म्हणून फुल हुकअप असलं तरी ब्लॅकची झडप बंद ठेवायची आणि टाकी दोन-तृतीयांश तरी भरली की मगच उघडायची. भरपूर पाणी एकदम सुटलं तर सगळं बरोबर घेऊन जातं.

म्हणजे रिकामं करायची रीत दोन्हीकडे एकच. हातमोजे. दोन्ही झडपा बंद आहेत ना ते बघून तोंडावरचं झाकण काढायचं. तीन इंची लवचीक पाइप गाडीच्या तोंडाला फिरवून अडकवायचा. त्याचे कान नीट बसल्याचं हाताला कळतं, तोवर सोडायचं नाही. दुसरं टोक भोकात नीट आत, आणि वर एक दगड किंवा तुमचा पाय. पहिली ब्लॅक उघडायची. ती थांबली की बंद करून ग्रे. हा क्रम चुकवू नका, कारण ग्रेचं साबणपाणी पाइप धुऊन काढतं. पाइपच्या टोकाला लावायचा वळणाचा तुकडा, एल्बो, पारदर्शक मिळतो, तो घ्या. त्यातून काय चाललंय ते बघायची हौस कुणाला नसते, पण पाणी स्वच्छ येऊ लागलं हे त्यातूनच कळतं. शेवटी ब्लॅकमध्ये पाच-सात लिटर पाणी आणि औषधाची पुडी टाकायची. कोरडी ठेवायची नाही. औषध फॉर्माल्डिहाइडचं नसलेलं घ्या, कारण फॉर्माल्डिहाइड जीवाणू मारतं, आणि बरीच डंप स्टेशनं ज्या सेप्टिक टाकीवर चालतात तिला तेच जीवाणू लागतात. ('सेफ्टी टाकी' म्हणणाऱ्या आमच्या गावाकडच्या मंडळींना हे जास्त पटेल.)

राष्ट्रीय उद्यानांत हा शब्दांचा फरक फार महागात पडतो. यलोस्टोनमध्ये फुल हुकअप असलेलं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. तिथे तंबूच काय, कापडी बाजूंच्या ट्रेलरलाही मनाई आहे, कारण तो भाग ग्रिझली अस्वलांचा. उद्यानातल्या बाकीच्या कॅम्पग्राउंडांत जोडणी नाही, पण मॅडिसन, कॅन्यन, ब्रिज बे, ग्रँट व्हिलेज इथे डंप स्टेशन आहे. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण काठावर, दोन कॅम्पग्राउंडं जवळजवळ आहेत: ट्रेलर व्हिलेजला फुल हुकअप, मॅथरला कसलीच जोडणी नाही, फक्त डंप स्टेशन. झायनच्या वॉचमनमध्ये वीज जागेवर मिळते, सांडपाण्यासाठी मात्र डंप स्टेशनच. योसेमिटीत कॅम्पग्राउंडात हुकअप हा प्रकारच नाही. दरीतलं अपर पाइन्सपाशी असलेलं डंप स्टेशन वर्षभर चालतं, वावोना आणि ट्युओलमीचं उन्हाळ्यापुरतं. एकूणच डोंगराळ भागात थंडी पडली की पाणी गोठतं आणि ही ठिकाणं बंद होतात. सप्टेंबरनंतर जाणार असाल तर निघण्याआधी फोन करा.

उद्यानाबाहेर डंप स्टेशन शोधणं त्या मानाने सोपं. स्टेट पार्कांत असतात. पायलट फ्लाइंग जे आणि लव्हज यांच्या काही ट्रक स्टॉपांवर असतात, सगळ्यांवर नाही. आयोवा आणि वॉशिंग्टन राज्यांत महामार्गावरच्या काही विश्रांतिस्थळांवरही आहेत. खासगी कॅम्पग्राउंडं, केओएसारखी, मुक्काम नसला तरी बऱ्याचदा पैसे घेऊन रिकामं करू देतात. गाडी आत घालण्यापूर्वी विचारायचं एवढंच. आणि पश्चिमेकडच्या लहान गावांत नगरपालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर किंवा गावच्या उद्यानात डंप असतो, याची पाटी सहज दिसत नाही. सॅनीडम्प्स, कॅम्पेंडियम, आयओव्हरलँडर या ठिकाणी नकाशे मिळतात. अलीकडची तारीख असलेला शेरा वाचून मगच वाट वाकडी करा, कारण नकाशावरचा ठिपका बंद पडलेल्या डंप स्टेशनचाही असतो. वॉलमार्टची काही दुकानं रात्री गाडी उभी करू देतात, त्यावरून कुणीतरी पसरवलं आहे की तिथे रिकामीही करता येते. नाही करता येत. ट्रेकच्या सुरुवातीला जे खड्ड्याचे संडास असतात, तेही गाडीच्या टाकीसाठी नाहीत.

आणि ग्रेचं पाणी 'नुसतं साबणाचंच तर आहे' म्हणून झाडाच्या बुंध्याशी सोडायचा मोह. राष्ट्रीय उद्यानात तोही नियमभंगच आहे. अस्वलांच्या मुलखात खिचडीचं पाणी ओतणं तर वेगळंच आमंत्रण.

एक गोंधळ यापेक्षाही धोक्याचा आहे. डंप स्टेशनवर बहुधा दोन नळ असतात. भोकाजवळचा नळ पाइप धुवायचा, त्यावर 'नॉन-पोटेबल', म्हणजे पिण्याजोगं नाही, अशी पाटी. पिण्याच्या पाण्याचा नळ थोडा लांब, बऱ्याचदा वेगळ्या कट्ट्यावर. तुमच्या आधीच्या माणसाने मैल्याचा पाइप जवळच्या नळाच्या तोंडाला टेकवला नसेल याची हमी कोण देणार? म्हणून पिण्याची टाकी तिथे कधीच भरायची नाही. आणि दोन नळ्यांचे रंग वेगळे ठेवायचे. पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी घेतात, धुण्याची दुसऱ्या कुठल्याही रंगाची. आमच्या भाड्याच्या गाडीत दोन्ही एकाच डब्यात कोंबलेल्या होत्या. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि एक शब्द न बोलता पांढरी नळी बाहेर काढली, साबणाने धुतली, दोन्ही टोकं एकमेकांत फिरवून बंद केली आणि पुढचे पाच दिवस स्वतःच्या पलंगाखाली ठेवली.