वाय-फायचा ‘फुलफॉर्म’ नसतोच

संगणकाच्या क्लासची वही असो वा स्पर्धा परीक्षेचं गाईड, ‘वाय-फाय म्हणजे वायरलेस फिडेलिटी’ हे उत्तर वर्षानुवर्षं पाठ केलं जातंय. ते चूक आहे. वाय-फाय हे कशाचंही लघुरूप नाही.

झालं असं, की १९९९ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन बिनतारी नेटवर्कच्या प्रसारासाठी संघटना काढली. तंत्राचं नाव होतं ‘आयईईई ८०२.११ बी’. हे नाव घेऊन दुकानात राउटर कोण मागणार? म्हणून इंटरब्रँड या नावं सुचवणाऱ्या कंपनीला काम दिलं. तिने सुचवलेल्या नावांतून ‘वाय-फाय’ निवडलं गेलं, कारण ते ‘हाय-फाय’शी (हुबेहूब आवाज देणाऱ्या ध्वनियंत्रणेला म्हणतात ते) यमक जुळवत होतं. बस्स, एवढंच. मग गोंधळ कुठून आला? संघटनेतल्याच काहींना अर्थाशिवाय नाव पचेना, म्हणून जाहिरातीत ‘द स्टँडर्ड फॉर वायरलेस फिडेलिटी’ ही ओळ चिकटवली गेली. संस्थापकांपैकी फिल बेलँजर यांनी पुढे हे उघडपणे सांगितलं. ओळ लवकरच गेली, पण फुलफॉर्म मागे उरला. (फिडेलिटी म्हणजे ध्वनीचा अस्सलपणा, डेटाच्या बाबतीत त्याला काय अर्थ?)

आणखी एक घोळ: ‘वाय-फाय आहे, पण नेट नाही’ यात विरोधाभास काही नाही. वाय-फाय म्हणजे फोन ते राउटर एवढाच बिनतारी टप्पा. राउटरपर्यंत इंटरनेट बहुधा फायबरच्या तारेनंच येतं.