मारुती ८०० : पुढच्या सस्पेन्शनचे झिजलेले भाग बदलणे

मारुती ८०० या मोटारीच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन आहे. गाडीचे उत्पादन डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ चालले. १९८६ च्या सुमारास नवी बॉडी आली आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. पुढची मांडणी मात्र तत्त्वतः तीच राहिली. प्रत्येक बाजूला एक स्ट्रट (गॅरेजच्या भाषेत शॉकअप), खाली एक आडवा लोअर आर्म, त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकाला रबरी बुश आणि दोन्ही आर्मना जोडणारा एकच वाकवलेला स्टॅबिलायझर बार, असे मोजकेच भाग त्यात येतात.

उगम : ही रचना अमेरिकी अभियंते अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाते. जनरल मोटर्समध्ये १९४५ नंतर शेव्हर्ले कॅडेट या लहान गाडीच्या प्रकल्पावर काम करताना त्यांनी ती आखली. प्रकल्प बारगळला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. १९४७ मध्ये केलेल्या अर्जावर पेटंट १९५३ मध्ये मिळाले. ती प्रथम कोणत्या गाडीत आली याबद्दल एकमत नाही. काही लेखक फ्रान्समधील फोर्ड व्हेडेटचे नाव घेतात, तर बहुतेक जण १९५० मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफर या गाड्यांना मान देतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फियाटचे ग्वीदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशाच धर्तीची रचना मांडली होती. त्यामुळे मॅकफर्सन यांचे श्रेय शोधापेक्षा जुळणीचे आहे, असेही म्हटले जाते.

व्याख्येचा वाद दुरुस्तीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मूळ रचनेत लोअर आर्म फक्त चाकाचे आत-बाहेर सरकणे रोखतो. चाक पुढे-मागे जाऊ न देण्याचे काम स्टॅबिलायझर बारच्या टोकांवर सोपवलेले असते. पुढे अनेक उत्पादकांनी त्रिकोणी लोअर आर्म वापरून बारला या कामातून मोकळे केले, तरी नाव मॅकफर्सनच ठेवले. काटेकोर व्याख्येनुसार अशा गाड्या या प्रकारात बसत नाहीत. मारुती ८०० बसते. म्हणूनच या गाडीत बारचे बुश झिजले की केवळ वळणावर गाडी जास्त कलते एवढ्यावर भागत नाही. ब्रेक दाबताच चाक मागे सरकते, ‘टक्’ असा आवाज येतो, गाडी एका बाजूला ओढते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते. या तक्रारींवर शॉकअप बदलण्याचा खर्च बहुधा वाया जातो.

निदान : चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे चाकाकडचे टोक) पाहावा. गाडीचे वजन स्ट्रटवर असल्याने बॉल जॉइंट लोंबत्या चाकावर टॉमीने (लोखंडी पहारीने) तपासता येतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवताच वर करकर आवाज आला, तर माउंटिंगमधील बेअरिंग गेले असावे. स्ट्रटवर तेल ओघळले असेल तर वेगळे निदान लागत नाही.

लोअर आर्म व बुश : काम सपाट फरशीवरच करावे. मागच्या चाकांना ठोकळे लावून, चाकांचे नट जमिनीवरच ढिले करून, पुढच्या दोन्ही बाजू एकदम घोड्यांवर (अ‍ॅक्सल स्टँडवर) घ्याव्यात. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि नट निघताच टोक झटका देते. बारच्या टोकावरील स्प्लिट पिन व नट काढताना वॉशर आणि बुश यांचा क्रम व वॉशरच्या खोलगट बाजूची दिशा टिपून ठेवावी. बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो. तो पूर्ण काढल्याशिवाय दांडा निघत नाही, आणि कितीही ठोकले तरी नुकसान नकलचेच होते. आतला बोल्ट बुशच्या नळीत गंजून अडकतो, किनारपट्टीवर हमखास. गॅसने तापवल्यास रबर पेटते, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे, न निघाल्यास बोल्ट कापावा. जागी साधा बाजारू बोल्ट न घालता हाय टेन्साइलच घालावा.

नवा बुश व्हाइस व योग्य मापाच्या गोटीने (सॉकेटने) दाबून बसवता येतो. त्यासाठी साबणाचे पाणी वापरावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइलने रबर फुगते. बॉल जॉइंटही सैल असेल तर आख्खा आर्म बदलणे सोयीचे.

सर्वांत जास्त होणारी चूक शेवटी होते. आतला बोल्ट चाक लोंबत असतानाच पक्का आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व बुश लवकर फाटतो. नट हलके लावून, चाके जमिनीवर टेकवून, गाडी दोन-चार वेळा दाबून मगच पक्के आवळावे.

स्ट्रट : दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत. ब्रेकची रबरी नळी स्ट्रटवरच्या पकडीतून सोडवावी, नकलचे दोन बोल्ट काढावेत आणि स्ट्रट हाताने धरून वरचे नट शेवटी काढावेत. नकल तारेने बांधून ठेवावी. ती बाहेर कलंडली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला मोठा नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडू नये. समोरासमोर दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळावे. दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतू शकते. बंप स्टॉप व धुळीचे रबर त्याच वेळी नवे घालावे.

अलाइनमेंट : कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) व कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) जुळवण्याची सोय या गाडीत नाही; टाय रॉडने फक्त टो (चाकांच्या पुढच्या कडा किती आत वा बाहेर वळल्या आहेत ते) जुळतो. टो बरोबर असूनही टायर एका कडेने खात असेल, तर आर्म किंवा स्ट्रट वाकला आहे असे धरावे.

मागची बाजू : कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असतो. अ‍ॅक्सलखाली जॅकचा आधार देऊनच तो काढावा, नाहीतर अ‍ॅक्सल खाली जाऊन ब्रेकच्या नळीवर ताण येतो.