कार्ड भरलं म्हणून उपचार थांबत नाहीत

‘अवयवदानाचं कार्ड खिशात सापडलं की डॉक्टर पेशंटला वाचवायचा प्रयत्नच करत नाहीत.’ हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता नीट सांगायलाच हवं.

हे साफ खोटं आहे. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार, अवयव घेण्याआधी मेंदू मृत झालाय का हे चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्यात बसूच शकत नाही. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. डोळ्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाचं टोक लावून पापणी मिटते का बघतात. मग ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करतात आणि सगळे छातीकडे बघत उभे राहतात. एक जरी श्वास आपणहून आला, तरी तो माणूस जिवंत आहे आणि उपचार चालूच राहतात.

कोमा म्हणजे मेंदू मृत होणं नव्हे. कोमातून माणसं परत येतात. मेंदू मृत झाल्यावर कुणी येत नाही, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसत असले तरी. नातेवाइकांना सगळ्यात जड जातं ते हेच, हात अजून गरम असतो ना!

आणि कार्ड असलं तरी घरच्यांच्या सहीशिवाय पुढे काही होत नाही. म्हणून कार्ड भरलंत, तर आजच घरी सांगा.