प्लॅटफॉर्मच्या आतला डेटा संशोधनासाठी मागायचाय? युरोपच्या कलम ४० खालचा अर्ज असा भरा

ऑनलाइन बाजारपेठा, सायबर सुरक्षा, खासगीपणा किंवा तंत्रज्ञान कायदा यांवर काम करणाऱ्या विद्यापीठातल्या कुठल्याही गटाला विचारा, गाडी कुठे अडलीय? उत्तर ठरलेलं असतं: डेटा. बाहेरून दिसतील तेवढी पानं खरवडून गोळा करायची आणि कंपनीने खातं बंद केलं की हात चोळत बसायचं. ऑगस्ट २०२१मध्ये फेसबुकने न्यूयॉर्क विद्यापीठातल्या राजकीय जाहिरातींच्या अभ्यासकांची खाती बंद केली. २०२३मध्ये ट्विटरची संशोधकांसाठीची मोफत एपीआय (प्रोग्रामद्वारे डेटा मागवण्याची सोय) गेली. १४ ऑगस्ट २०२४ला फेसबुकची मालक कंपनी मेटाने क्राउडटँगल, म्हणजे समाजमाध्यमांवर काय पसरतंय ते दाखवणारं साधन, गुंडाळलं. कंपनी देईल तेवढंच आणि देईल तोवरच, असा मामला होता.

युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टने, म्हणजे डीएसएने, कलम ४० मध्ये या मर्जीच्या जागी रीतसर अर्ज आणला. कायदा २०२२चा, पूर्णपणे लागू झाला १७ फेब्रुवारी २०२४ला. पण कंपन्यांच्या आतल्या डेटाचा दरवाजा प्रत्यक्षात उघडला २९ ऑक्टोबर २०२५ला. अर्ज कसा करायचा हे सांगणारे पूरक नियम युरोपियन कमिशनने २ जुलै २०२५ला मंजूर केले आणि ते २९ ऑक्टोबरला अमलात आले.

आधी ठरवा, कोणत्या दारातून जायचंय

कलम ४० मध्ये दोन वाटा आहेत आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात.

पहिली वाट पोटकलम १२ची. जो डेटा प्लॅटफॉर्मवर कोणालाही दिसतो, तोच संशोधकाला सोयीच्या रूपात मिळावा यासाठी ती आहे. इथे अर्ज थेट कंपनीकडे जातो, मध्ये सरकारी यंत्रणा नसते, आणि विद्यापीठाबाहेरच्या ना-नफा संस्थांमधल्या संशोधकांनाही तो करता येतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळत असेल तर दुसऱ्या वाटेला जाऊच नका, उगाच महिने जातील. अर्थात ही वाटही गुळगुळीत नाही. ५ डिसेंबर २०२५ला कमिशनने एक्सला (म्हणजे आधीच्या ट्विटरला) १२ कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्याच्या तीन कारणांपैकी एक म्हणजे संशोधकांना सार्वजनिक डेटा मिळण्यात घातलेले अडथळे. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मेटा आणि टिकटॉक यांच्याबद्दलही याच मुद्द्यावर प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले होते.

दुसरी वाट पोटकलम ४ची. शिफारशी कशा ठरतात, कोणती तक्रार कधी हाताळली, विक्रीला ठेवलेल्या कोणत्या वस्तूची नोंद का काढून टाकली, हा आतला डेटा. तो कंपनीकडे मागायचा नसतो. ती कंपनी ज्या देशात स्थापन झाली आहे तिथल्या डिजिटल सेवा समन्वयकाकडे, म्हणजे डीएसएची अंमलबजावणी पाहणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे, अर्ज जातो. समन्वयकाने तपासून संशोधकाला मान्यता दिली, की तोच कंपनीला ‘सकारण विनंती’ पाठवतो. नाव विनंती असलं तरी ती पाळणं कंपनीवर बंधनकारक आहे. डीएसए मोडला तर दंड जागतिक वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. यापुढचं सगळं या दुसऱ्या वाटेबद्दल आहे.

डेटा कोणाकडून मिळू शकतो

युरोपियन युनियनमध्ये महिन्याला सरासरी साडेचार कोटी किंवा जास्त सक्रिय वापरकर्ते असलेले आणि कमिशनने तसे जाहीर केलेले प्लॅटफॉर्म व शोधयंत्रं, एवढ्यांनाच हे कलम लागू आहे. २५ एप्रिल २०२३च्या पहिल्या यादीत ॲमेझॉन, अलीएक्सप्रेस, झालांडो, बुकिंग डॉट कॉम, गुगल शॉपिंग आणि ॲपल व गुगल यांची ॲप स्टोअर्स होती. शीन आणि टेमू २०२४मध्ये आले. म्हणजे ई-कॉमर्सवाल्यांसाठी मैदान मोठं आहे. छोटा प्लॅटफॉर्म कितीही संशयास्पद वाटला तरी तो या कलमाच्या कक्षेत येत नाही.

पात्रता

तुम्ही संशोधन संस्थेशी संलग्न असायला हवं. विद्यापीठ, त्याचं ग्रंथालय, संशोधन संस्था हे सगळं यात येतं. अट अशी की संस्था ना-नफा चालावी, नफा असेल तर तो सगळा पुन्हा संशोधनात जावा, किंवा तिला सार्वजनिक हिताचं काम म्हणून मान्यता असावी. आणि तिच्यावर ताबा असलेल्या एखाद्या कंपनीला निकाल आधी मिळण्याची सोय नसावी. व्यावसायिक हितसंबंधांपासून स्वतंत्र असणं ही वेगळी अट आहे आणि निधी कुठून येतो हे उघड करावंच लागतं. उद्योगाकडून आलेली शिष्यवृत्ती किंवा पूर्वीचं सल्लागाराचं काम असेल तर ते स्वतःहून लिहा आणि संशोधनावर त्याचा ताबा का नाही तेही सांगा. समन्वयकाला ते दुसरीकडून कळलं तर अख्ख्या अर्जाकडे संशयाने पाहिलं जाईल.

संशोधक युरोपियन नागरिक असावा अशी अट नाही. युनियनबाहेरच्या विद्यापीठातले लोकही अर्ज करू शकतात. मात्र अभ्यासाचा धोका युनियनमधलाच असावा लागतो, आणि खरी चाळणी हीच आहे. संशोधन हे कलम ३४ मधल्या व्यवस्थात्मक धोक्यांबद्दल किंवा ते कमी करण्यासाठी कंपनीने योजलेल्या उपायांबद्दल असलं पाहिजे. बेकायदा मजकूर आणि वस्तूंचा प्रसार, मूलभूत हक्कांवर परिणाम (यात खासगी आयुष्य, वैयक्तिक माहिती आणि ग्राहकसंरक्षण येतं), निवडणुका व सार्वजनिक सुरक्षा, लहान मुलं, आरोग्य आणि लिंगाधारित हिंसा, असे ते गट आहेत. ‘विक्रेत्यांचं किंमतधोरण’ एवढाच विषय घेऊन गेलात तर परत पाठवतील. तोच विषय ‘असुरक्षित वस्तू स्वस्त दाखवून वर ढकलल्या जातात का’ असा मांडला तर धोक्याच्या चौकटीत बसतो. ही शब्दांची चलाखी समजू नका. प्रश्न खरोखर बदललेला असतो.

डेटाचं वर्णन: अर्ज इथेच तरतो किंवा बुडतो

माझं मत विचाराल तर निम्मा वेळ या रकान्याला द्या. कायद्याची भाषा ‘आवश्यक आणि प्रमाणशीर’ अशी आहे. मागितलेला कालावधीसुद्धा त्याच मापाने मोजतात. समजा, काढून टाकलेली धोकादायक खेळणी पुन्हा विक्रीला कशी येतात हे तुम्हाला पाहायचंय. पहिला मसुदा बहुतेक असा उतरतो:

‘गेल्या पाच वर्षांतल्या सर्व विक्रेत्यांचा आणि व्यवहारांचा संपूर्ण डेटा मिळावा.’

हा टिकणार नाही. आता हे पाहा:

‘१ जानेवारी ते ३० जून या काळात जर्मनी आणि फ्रान्समधल्या वापरकर्त्यांना दाखवलेल्या, मुलांच्या खेळण्यांच्या प्रवर्गातल्या, असुरक्षित म्हणून काढलेल्या प्रत्येक नोंदीसाठी: नोंद क्रमांक, विक्रेत्याच्या ओळखीऐवजी टोपण क्रमांक, नोंद टाकल्याची, पहिली तक्रार आल्याची आणि नोंद काढल्याची तारीख, काढण्याचं कारण, आणि काढण्याआधीच्या १४ दिवसांत शोधनिकालांत ती रोज कितव्या जागी दिसली. सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी माहितीपुस्तिका. खरेदीदारांची नावं, पत्ते आणि पैसे भरल्याचा तपशील नको.’

शेवटचं ‘नको’ पाहा, सगळ्यात जास्त काम ते करतं. मग प्रत्येक रकान्यापुढे एक वाक्य: हा का लागतो आणि बाहेरून का मिळत नाही. टोपण क्रमांक लागतो, कारण तोच विक्रेता नव्या नावाने परतला का हे त्याशिवाय कळणार नाही. शोधनिकालातली जागा लागते, कारण आपल्या संगणकावर दिसते ती जागा दुसऱ्याला दिसलेली नसते.

काय काय असू शकतं याचा अंदाज घ्यायला कंपन्यांनी आपल्याकडच्या डेटाचा आढावा, उपलब्ध डेटासंचांच्या उदाहरणांसह, प्रसिद्ध करणं पूरक नियमांनी बंधनकारक केलंय. लिहायला बसण्याआधी तो वाचा. त्यात एखादी गोष्ट नाही म्हणून ती मागता येत नाही, असं मात्र नाही. शिफारशींचा डेटा, जाहिरातींचं लक्ष्य ठरवणं, मजकूर नियंत्रण, नव्या सोयींच्या चाचण्या, वस्तूंच्या किमती, प्रमाण आणि वैशिष्ट्यं अशी उदाहरणं नियमांच्या प्रस्तावनेतच दिली आहेत.

कागदपत्रं

प्रमुख संशोधक एकच असतो आणि बाकीच्यांची नावं त्याच अर्जात येतात. डेटाला हात लावणारा पीएचडीचा विद्यार्थीही त्यात हवा. नंतर आठवलं तर त्रास होतो. प्रत्येकाचा संलग्नतेचा पुरावा, निधीची माहिती, स्वातंत्र्याबद्दलचं निवेदन, संशोधनाचा आराखडा, निकाल मोफत प्रसिद्ध करण्याची हमी आणि अर्जाचा सारांश लागतो. सारांश जपून लिहा, कारण मंजूर विनंतीचा गोषवारा लोकांसमोर येतो.

अवघड भाग आहे सुरक्षेचा आणि वैयक्तिक माहितीचा. डेटा कुठे राहील, कोण कुठून उघडेल, कोणी कधी उघडला याची नोंदवही कोण तपासेल, काम संपल्यावर काय होईल, हे तांत्रिक आणि संस्थात्मक उपायांसह सांगावं लागतं. ‘आमचा सर्व्हर सुरक्षित आहे’ हे वाक्य पुरत नाही. वैयक्तिक माहिती असेल तर जीडीपीआरखाली, म्हणजे युरोपच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखाली, कोणत्या आधारावर प्रक्रिया करणार ते लिहा आणि जिथे लागू असेल तिथे परिणाम मूल्यांकन जोडा. टोपण क्रमांक वापरला म्हणून डेटा आपोआप निनावी होत नाही, ही चूक तंत्रज्ञ हमखास करतात. तांत्रिक उपाय एका ओळीत उरकणं ही वकिलांची चूक. हा रकाना दोघांनी एका टेबलावर बसून भरावा.

युनियनबाहेर डेटा नेणार असाल तर जीडीपीआरच्या पाचव्या प्रकरणाची पूर्तता दाखवावी लागते. भारताला ‘पुरेसं संरक्षण असलेला देश’ असा निर्णय मिळालेला नाही, म्हणून भारतातल्या विद्यापीठाला वेगळी तजवीज लागेल. डेटा युनियनमधल्याच सुरक्षित संगणकीय वातावरणात ठेवून काम करण्याचा पर्याय अशा वेळी सोपा पडतो.

अर्ज कुठे आणि किती दिवस

सगळं कमिशनच्या डेटा ॲक्सेस पोर्टलवरून होतं. निर्णय कंपनी स्थापन असलेल्या देशाच्या समन्वयकाचा: मेटा, गुगल, टिकटॉक, टेमू, शीन यांच्यासाठी आयर्लंडची कोइमिशून ना म्यान, झालांडोसाठी जर्मनीची बुंडेसनेट्झआगेंटूर, बुकिंगसाठी नेदरलँड्सची एसीएम. तुमची संस्था युनियनमध्ये असेल तर आपल्याच देशाच्या समन्वयकाकडेही अर्ज देता येतो. तो प्राथमिक छाननी करून पुढे पाठवतो, पण मंजुरी त्याच्या हातात नसते. समन्वयकाला निर्णयासाठी ८० कामाचे दिवस आहेत, म्हणजे साधारण चार महिने. अनुदानाचं वेळापत्रक आखताना हे धरा.

कंपनी आडवी आली तर

विनंती मिळाल्यापासून १५ दिवसांत कंपनी बदल मागू शकते, पण दोनच कारणांवर: तो डेटा तिच्याकडे नाही, किंवा तो दिल्याने सेवेच्या सुरक्षेला अथवा व्यापारी गुपितांसारख्या गोपनीय माहितीला मोठा धोका होईल. नुसतं ‘जमणार नाही’ चालत नाही. पर्याय सुचवावा लागतो. त्यावर समन्वयक पुढच्या १५ दिवसांत निर्णय देतो. म्हणून दुसऱ्या कारणाला उत्तर अर्जातच पेरून ठेवा: क्रमवारीचं सूत्र आम्हाला नको, फक्त निकाल हवेत.

डेटा हाती आल्यावर तो त्याच संशोधनापुरता वापरायचा. दुसऱ्या प्रश्नाचा मोह झाला तर नवा अर्ज. पात्रतेच्या अटी मोडल्याचं आढळलं तर समन्वयक मान्यता काढून डेटा थांबवू शकतो, त्यामुळे नोकरी किंवा निधी बदलला तर लगेच कळवा. काम संपल्यावर निकाल वाजवी मुदतीत, वापरकर्त्यांचे हक्क सांभाळून, मोफत खुले करायचे असतात. वर्गणी भरल्याशिवाय न उघडणाऱ्या नियतकालिकातच लेख द्यायचा असेल तर त्याची सर्वांना वाचता येईल अशी प्रत कुठे ठेवणार, हे प्रकाशकाशी करार करण्याआधीच ठरवा.